वैजयंतीला मिळालेला खो

शहर संपून शेतं सुरू होतात अशा जागी सोनमळा नावाची एक वसाहत होती. तिथे वैजयंती घोलप नावाची एक बाई नव्याने राहायला आली. नवऱ्याची बदली झाली, टेंपोतून सामान उतरलं, आणि लवकरच तिच्या लक्षात आलं की इथे आपल्याला कोणी ओळखत नाही. नवरा कामावर, मुलगी शाळेत. दिवसभर बोलायला काय तो कुकर.

पण वैजयंती रडत बसणारी नव्हती. लग्नाआधी ती तालुक्यातली नावाजलेली खो-खो खेळाडू होती. सोनमळ्यात बायकांचं क्रीडा मंडळ आहे आणि पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर त्या रोज संध्याकाळी खो-खो खेळतात, हे कळताच तिने पेटीतून जुने बूट काढले.

"एकदा माझी धाव बघू दे त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "आठवड्याभरात अख्खा सोनमळा आपल्या दारात येतो की नाही बघा."

धाव खरोखरच बघण्यासारखी होती. खो-खोत एकजण पाठलाग करते आणि तिच्या बाकीच्या सोबतिणी रांगेत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. पळणारी रांगेतून पलीकडे निसटली, तर पाठलाग करणारीला रांग ओलांडता येत नाही. तिने बसलेल्या सोबतिणीच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं. पुढचा पाठलाग त्या सोबतिणीचा. ते नको असेल तर टोकाच्या खांबाला वळसा घालून यायचं. वैजयंती दर वेळी खांबाला वळसा घाले आणि तरीही पळणारीला गाठे. खो कशाला द्यायचा? दुसरी उठून उभी राहीपर्यंत हिचं काम झालेलं असे.

पहिल्या दिवशी टाळ्या पडल्या. पुढे पुढे त्या विरळ झाल्या. उकिडवं बसून बायकांच्या पोटऱ्या भरून येत, आणि उठायची पाळी काही येत नसे. मालतीबाई दामले जरा अंगाने भरलेल्या. त्या एकदा बसल्या की खेळ संपल्यावरच उठत. खेळ संपला की सगळ्याजणी "काय पळतेस गं!" म्हणत आणि घोळक्याने घरी जात. 'चहाला ये' असं तिला कोणी म्हणालं नाही. वैजयंतीला वाटलं, आपण अजून जोरात पळायला हवं. हुशार माणसाची बुद्धी कधी कधी अशी हट्टाला पेटते.

दर संक्रांतीला टेकडीनगरच्या बायकांशी सोनमळ्याचा सामना असे. संघ निवडायची सोनमळ्याची रीत न्यारी होती. सगळ्याजणी गोल करून बसत, आणि रांगेत आपल्या शेजारी कोण हवी, तिचं नाव प्रत्येकीने घ्यायचं. याला त्या 'शेजार मागणं' म्हणत. जिचं नाव कोणीच घेतलं नाही, ती संघाबाहेर.

निवडीच्या संध्याकाळी वैजयंती ताठ बसली होती. आपलं नाव सगळ्यांत आधी येणार याची तिला खात्री होती. शकीलाने मालतीबाईंचं नाव घेतलं. मालतीबाईंनी रेखाचं घेतलं. पाळी फिरत फिरत सगळ्यांची झाली आणि वैजयंतीचं नाव कोणाच्याच तोंडून आलं नाही. तिचे कान तापले. टेंपोतून सामान उतरलं त्या दिवशीही तिला इतकं परकं वाटलं नव्हतं.

मंडळाच्या प्रमुख सुलभाताई काटकरांना तिने मैदानाच्या फाटकाशी गाठलं.

"ताई, माझ्याहून जोरात पळणारी तुमच्यात कोण आहे?"

"कोणीच नाही," सुलभाताई म्हणाल्या.

"मग मला का नाही मागितलं कुणी?"

"आज खेळताना मालतीबाई रांगेत कोणत्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या, सांग बरं."

वैजयंतीला सांगता येईना.

"रोज तिथेच बसतात त्या. तू आल्यापासून एकदाही उठल्या नाहीयेत."

ताईंच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे ते जास्तच लागलं.

"सोड ना," घरी नवरा म्हणाला. "त्यांचंच नुकसान आहे." ऐकायला गोड वाटलं तिला. पण घरी बसून सोनमळा आपला होणार नाही, हे तिला पुरतं कळत होतं. दुसऱ्या दिवशी ती बूट घालून मैदानावर गेली.

"ताई, सरावाला मला नुसतं बसू द्या," ती म्हणाली.

बसणं काय असतं ते तिला तेव्हा कळलं. पोटऱ्या पेटतात. सगळं लक्ष पाठीत गोळा होतं. आता हात पडेल, आता पडेल. आणि हात न पडता पाठलाग करणारी पुढे निघून गेली की वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. बसल्या बसल्या तिला बाकीच्याही दिसू लागल्या. शकीला डावीकडे झेपावते. रेखाला उठताना हसू फुटतं. मालतीबाई सावकाश उठतात, पण हुलकावणीला फसत नाहीत. पाठलागाची पाळी आली की वैजयंती आता खो देऊ लागली.

सामन्याच्या आदल्या दिवशी रेखाचा पाय मुरगळला. सुलभाताईंनी पुन्हा सगळ्यांना गोल बसवलं.

"माझ्या शेजारी वैजयंती बसू दे," मालतीबाई म्हणाल्या. वैजयंतीने मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते.

सामना अटीतटीचा झाला. शिट्टी वाजायला थोडाच अवकाश होता. टेकडीनगरची एक बाई बाद झाली, तर सामना सोनमळ्याचा. पाठलागावर वैजयंती होती. पळणारी हाताच्या अंतरावर आली आणि मालतीबाईंच्या बाजूने पलीकडे निसटली. समोर खांब होता. वळसा घालून आपण तिला गाठू, असं वैजयंतीला वाटलंही.

"खो!" तिने मालतीबाईंच्या पाठीवर हात मारला आणि त्यांच्या जागी बसली.

मालतीबाईंनी शकीलाला खो दिला. शकीला धावली. मग वैजयंतीच्या पाठीवर जोरात थाप पडली. "खो!" सोनमळ्यात तिला मिळालेला हा पहिलाच सामन्यातला खो. ती झेपावली, पळणारी पुन्हा पलीकडे गेली, तशी तिने जवळच्या पाठीवर हात मारला आणि खाली बसली. पळणारी तिथूनही निसटून तिच्या पाठीमागे गेली. मागे "बाद! बाद!" असा एकच ओरडा झाला. वैजयंतीला काहीच दिसलं नाही, तिचं तोंड भलत्या बाजूला होतं.

"बाद कोणी केलं?" तिने विचारलं. कोणी सांगायच्या आधीच ती टाळ्या वाजवत सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. दारात मालतीबाई वाटी घेऊन उभ्या.

"विरजण आहे का गं जरा? माझं संपलं."

सोनमळ्याने आजवर वैजयंतीचं कौतुक पुष्कळ केलं होतं, पण तिच्याकडे काही मागायला कोणी आलं नव्हतं. तिने वाटी भरली, मालतीबाईंना हाताला धरून आत आणलं आणि चहाचं आधण ठेवलं.

तात्पर्य: नव्या ठिकाणी आपलं व्हायचं असेल, तर आपल्या हातातला डाव आनंदाने दुसऱ्याला द्यावा. जो इतरांना पुढे जाऊ देतो, त्याचा शेजार लोक आपणहून मागतात.