चंद्रीचे दाणे

फार पूर्वी, घरोघरी अंगणात कोंबड्या हिंडत, तेव्हाची ही गोष्ट. भागूबाईच्या म्हाताऱ्या चंद्री कोंबडीला दिसेनासं झालं होतं. हे कळलं तर आपलं कालवण होईल, या भीतीने ती इतर कोंबड्यांच्या चोचींचा आवाज ऐकून तिथेच चोच मारी. बहुतेक वेळा खडेच लागत.

एके दिवशी पाहुणे आले. पाट्यावर वाटण सुरू झालं.

"आजी, लप!" एक तरणी कोंबडी कुजबुजली.

"कुठे लपू गं? मला भिंतसुद्धा दिसत नाही."

तेवढ्यात दोन हातांनी तिला उचललं. हातांना लसणाचा वास होता. 

भागूबाईने तिला चुलीपाशी ठेवलं. "किती वाळलीस गं म्हातारे! कधीची बघतेय, खडे टिपतेस. पाहुण्यांना वांग्याचं पुरेल." तिने ताटलीत दाणे टाकले आणि शेजारी नखाने टकटक केलं. पिल्लांना दाणा दाखवताना चंद्री चोचीने अशीच टकटक करायची.

 चंद्रीने आवाजाकडे चोच नेली. या वेळी खडा लागला नाही.