मुलानं पाठवलेल्या साखळ्या

“यांतल्या कुठल्या लावू, महाराज?”

निरंजनगिरी महाराज मठाच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसले होते आणि समोरच्या बर्फाकडे बघत होते. बर्फावर साखळ्यांच्या दोन जोड्या पसरून ठेवलेल्या होत्या. गाडीच्या चाकांना बांधायच्या साखळ्या.

विद्याधर खांबेटे त्या जोड्यांच्या मधोमध उभे होते. कानटोपी एका कानावरून वर सरकली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मठाच्या खालीच खिंडीचं फाटक होतं. चाकांना साखळ्या नसलेली गाडी तिथला शिपाई पुढे सोडत नव्हता. दुपार कलली की तो साखळ्या असलेलीही सोडणार नव्हता. ऊन गेलं की वितळलेला बर्फ पुन्हा गोठतो आणि रस्त्याची काच होते; ब्रेक दाबला की गाडी घसरते.

आणि खिंडीच्या पलीकडे, रुमसी नावाच्या गावात, खांबेट्यांचा मुलगा पांढऱ्या चादरीखाली झोपवलेला होता.

मिहिर परवा गेला. छातीत कफ भरला, ताप उतरेना, खाली आणायचं तर रस्ता बंद. आज सकाळी रस्ता उघडला. गावकऱ्यांनी निरोप पाठवला होता, की बाप येईस्तोवर थांबतो, पण उजेड आहे तोवरच. नंतर आमच्यातलंच कुणीतरी अग्नी देईल.

“महाराज, विचारतोय मी.”

“ऐकतोय. सांगा.”

“ही शिडीसारखी. हिच्या कड्या आडव्या आहेत. सरळ चढावर पकड उत्तम. पण वळणावर गाडी बाजूला सरकू शकते.”

“बरं.”

“ही जाळीची. वळणावरही धरून ठेवते. पण जाड आहे. चाकाच्या आतल्या बाजूला जागा किती आहे ते पाहावं लागेल. घासली तर आतली ब्रेकची नळी कापली जाईल.”

“मग शिडीची लावा.”

“पण वळणं फार आहेत, महाराज.”

“मग जाळीची.”

“पण घासली तर...”

महाराजांनी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली.

खांबेटे पायथ्याच्या शहरात तीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवत होते. दर मे महिन्यात ते मठात येत. महाराजांसमोर बसून भाष्यातली एकेक ओळ उलगडत, शंका काढत, महाराजांना निरुत्तर करत आणि समाधानानं परत जात. महाराजांना निरुत्तर करणं तसं अवघड नव्हतं. ते फार बोलतच नसत. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ आपण इतकी वर्षं सोयीचाच लावला की काय, अशी शंका खांबेट्यांना आज पहिल्यांदाच चाटून गेली. ती त्यांनी बाजूला सारली. आज त्यांच्यापाशी शंका पुष्कळ होत्या.

स्वयंपाकघरातून भागामाई चहा घेऊन आल्या. मूळच्या यवतमाळच्या, मठात येऊन राहिलेल्या. काल मिहिर गेल्याचा निरोप आला तेव्हा चुलीपाशी बसून सर्वांत जास्त त्याच रडल्या होत्या. आता मात्र कपाळाला आठ्या होत्या.

“कवाचं चाललंय हे? लुगडं घ्याले आलेली बाईबी इतकी उलथापालथ करत नाही.”

“माई,” महाराज म्हणाले, “बोलू दे त्यांना.”

“बोलूनच तर राहिले. सकाळपासून.”

खांबेट्यांनी कप हातात घेतला, प्यायले नाहीत.

“माई, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. खिंडीत गाडी घसरली तर...”

“तर काय? तो तिकडं एकटा निजला आहे.”

एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. पाठमोऱ्या माईंचे खांदे हलत होते, की पदर सारखा करत होत्या, ते समजलं नाही.

खालच्या रस्त्यानं एक मालट्रक वर चढत आला. त्याच्या चाकांच्या साखळ्या खणखणत होत्या. तो फाटकाशी थांबला आणि ड्रायव्हर उतरून शिपायापाशी विडी ओढत बसला.

“ही जाळीची कुठून आणलीत?” महाराजांनी विचारलं.

“खालच्या बाजारातून. येताना घेतली. दुकानदार म्हणाला, हिच्याइतकी चांगली दुसरी नाही.”

“आणि ही?”

खांबेटे वाकले आणि शिडीच्या साखळीचं एक टोक उगाच सरळ करू लागले.

“ही मिहिरनं पाठवलेली.”

“कधी?”

“झाले... दोन हिवाळे.”

मिहिरही इंजिनिअरच. चांगली नोकरी सोडून तो रुमसीत शाळा चालवायला गेला, तेव्हा खांबेटे चिडले नाहीत. त्यांनी फक्त, असल्या निर्णयामागचा तर्क समजावून सांग, असं म्हटलं. मिहिरला तो सांगता आला नाही. पुढे दर मे महिन्यात खांबेटे मठापर्यंत येत, मुलाला इथंच बोलावून घेत आणि इथूनच माघारी फिरत. मुलगा डोंगर उतरून यायचा, दोन दिवस राहायचा, बापाचा वादविवाद चालू असताना कोपऱ्यात बसून माईंना भाज्या चिरून द्यायचा.

“पुढच्या उन्हाळ्यात येईन तुझ्याकडे,” असं एकदा खांबेटे म्हणाले होते.

“उन्हाळ्यात सगळेच येतात, बाबा. हिवाळ्यात या. तेव्हा शाळा चुलीभोवती भरते. पोरं एकाच घोंगडीत तिघंतिघं बसतात. ते बघायला या.”

आणि मग त्यानं या साखळ्या पाठवल्या.

“लावून बघितल्या होत्या?” महाराजांनी विचारलं.

“नाही.”

“दोन हिवाळ्यांत?”

“खात्री नव्हती, महाराज. टायरच्या मापाच्या आहेत का, कडीचं पोलाद कसलं आहे... मी त्याला विचारलं. त्यानं कळवलं. त्यातून आणखी प्रश्न निघाले. तेही विचारले. शेवटी तो म्हणाला, बसतात, बाबा, मी सांगतो ना.”

“मग?”

“सांगतो ना, हा काही पुरावा नव्हे.”

महाराजांनी मान हलवली. होकारार्थी की कशी, ते कळलं नाही.

ऊन मठाच्या छपरावरून अंगणात उतरलं. कौलांच्या कडेचे बर्फाचे सुळे ठिबकू लागले. फाटकावरच्या ड्रायव्हरनं विडी विझवली.

“महाराज, तुम्ही एक नाव घ्या. शिडीची किंवा जाळीची. तुम्ही म्हणाल ती लावतो. वाद घालत नाही.”

“आणि मी म्हटलेली चुकली तर?”

“म्हणजे?”

“तर ती माझी चूक. होय ना?”

खांबेट्यांचा चेहरा उतरला. कप त्यांनी पायरीवर ठेवला. ठेवताना चहा थोडा बर्फावर सांडला आणि तिथं एक तपकिरी भोक पडलं.

“मला जायचं नाही असं समजू नका,” ते म्हणाले. आवाज खाली आला होता. “मला जायचंच आहे. पण मी इथं आहे तोवर, महाराज... मी अजून पोहोचलो नाही, तोवर तो...”





महाराज गुडघ्यावर हात रेटत सावकाश उठले, अंगावरची घोंगडी पायरीवर ठेवली आणि बर्फात आले. बाजारातून आणलेली जाळीची जोडी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. लोखंडाच्या ओझ्यानं म्हाताऱ्याची मान खाली गेली.

“ही मला दिलीत,” ते म्हणाले.

“महाराज, ही मस्करीची वेळ आहे का?”

“नाही.”

मग त्यांनी शिडीची एक साखळी ओढत गाडीमागे नेली, मागच्या चाकाशी बर्फात फतकल मारली आणि ती चाकावर पसरू लागले. गळ्यातली जोडी दर वेळी गाडीच्या पत्र्यावर आपटत होती.

खांबेटे क्षणभर बघत राहिले.

“मागच्या नाही, महाराज.”

महाराज साखळी ओढत राहिले.

“महाराज, मागच्या चाकांना नाही. पुढच्या. या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. जी चाकं फिरतात त्यांनाच लावायची असते.”

“मठाच्या जीपला मागंच लावायचो.”

“ही जीप नाही. आणि... अहो, तुम्ही ती उलटी धरली आहे. आकड्यांची टोकं आत येताहेत. टायर फाटेल.”

“लागेल बरोबर. बघा की.”

“नाही लागणार. कशी लागेल? सोडा ती. सोडा म्हणतो ना. अशानं अर्ध्या वाटेत...”

खांबेटे त्यांच्याजवळ गेले आणि साखळी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावली. आपण गुरूच्या हातातून काहीतरी ओढून घेतलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. तोपर्यंत ते पुढच्या चाकाशी पोहोचले होते, आणि आपली नेहमीची करडी पँट घालून चिखल झालेल्या बर्फात गुडघे टेकून बसले होते.

साखळी त्यांनी पालथी केली. गुळगुळीत बाजू टायरकडे. चाकावर पांघरली, दोन्ही बाजूंना सारखी लोंबेल अशी. उठले, गाडी चालू केली, हातभर पुढे घेतली, पुन्हा उतरले. पोटावर आडवं पडून, चाकावरच्या कमानीत हात घालून आतला आकडा शोधला. बोटं बधिर झाली होती.

आतला आकडा लागला. मग त्यांनी बाहेरचा ओढला, आणि थांबले.

बाहेरच्या टोकाच्या चार कड्या मोकळ्या नव्हत्या. त्या एकमेकींत मुडपून बारीक तारेनं आवळून बांधलेल्या होत्या. कारखान्यात अशी तार कुणी बांधत नाही. ती हातानं, पक्कड घेऊन, तीन पीळ देऊन बांधली होती आणि कुणाला टोचू नये म्हणून तिचं टोक आत वळवलं होतं.

साखळी जिथे संपायला हवी होती, बरोबर तिथे संपत होती. या टायरला. याच गाडीच्या.

गेल्या मे महिन्यात नव्हे, त्याआधीच्या मे महिन्यात, मठाच्या याच अंगणात मिहिर त्यांच्या गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता. हातात सुतळी होती. आत भाष्यावर चर्चा रंगली होती. खांबेट्यांनी खिडकीतून विचारलं होतं, काय रे, पंक्चर आहे का? तो म्हणाला होता, नाही बाबा, सहज. आणि ते पुन्हा आपल्या मुद्द्याकडे वळले होते.

त्यांनी आकडा कडीत अडकवला. अंगठ्यानं दाबला. टक्क असा आवाज झाला.

“बसली,” ते म्हणाले.

महाराज पलीकडे अजून बर्फातच बसलेले होते.

“हो?”

“बसली, महाराज. एक कडी कमी नाही. एक जास्त नाही.”

पुढे काही वेळ ते चाकाला कपाळ टेकून तसेच राहिले. छपरावरचं पाणी ठिबकत होतं.

मग त्यांनी दुसऱ्या चाकालाही साखळी लावली. तिच्याही कड्या तशाच तारेनं बांधलेल्या होत्या. गाडी अंगणात थोडी फिरवून ते थांबले, उतरले, आणि सैल झालेल्या साखळ्या पुन्हा आवळल्या. या वेळी त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही.

माई फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन आल्या आणि बाजूच्या सीटवर ठेवल्या.

“तिथं आज कोणाच्या घरी चूल पेटायची नाही. वाटेत खाऊन घेजा. आणि तोंड धुऊन घ्या अगोदर, भुतासारखं दिसून राहिलं.”

त्यांनी खरोखरच बर्फानं तोंड धुतलं.

महाराजांनी गळ्यातली जोडी काढून पायरीवर ठेवली होती. मानेवर लोखंडाचा काळसर वळ उठला होता.

“तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?” खांबेट्यांनी विचारलं. “मागचं, पुढचं?”

“जीपला मागंच लावायचो,” महाराज म्हणाले.

फाटकावरच्या ड्रायव्हरनं ट्रक चालू केला आणि हात करून खुणावलं, माझ्या मागोमाग या. शिपायानं फाटकाचा दांडा वर उचलला.

खांबेटे गाडीत बसले. दार लावलं. मग काच खाली केली. दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“महाराज.”

“हं.”

“तिथं सगळं गाव जमलेलं असेल. त्याच्या शाळेतली पोरं असतील. माझ्याकडे बघतील. पोरांसमोर मला... मला स्वतःला धरून ठेवता आलं पाहिजे.”

महाराज खिडकीशी आले. त्यांचा हात ओला आणि गार होता. तो त्यांनी खांबेट्यांच्या आवळलेल्या मुठीवर ठेवला आणि बोटं सैल होईपर्यंत तसाच राहू दिला. इतक्या वर्षांत त्यांनी प्राध्यापकांना कधी एकेरी हाक मारली नव्हती.

“विद्याधर,” ते म्हणाले, “उतारावर ब्रेक दाबू नकोस.”