कोळसाच तिकडं लावा

कोळशाचं उत्पादन दुप्पट करायचं असं सरकारचं धोरण ठरलं आणि चंद्रपूरकडच्या तेंदूझरी गावाजवळची खाण वाढवण्यासाठी जनसुनावणी लागली. गावामागचं मोहाचं जंगल त्यात जाणार होतं.

सुनावणीच्या मांडवात खाणीचे मोठे साहेब म्हणाले, "एका झाडामागे दहा झाडं लावू. साठ किलोमीटरवर जागाही बघितली आहे. मग तुमचं नुकसान काय?"

साठीची रायबाई कुमरे उठली. मोहफुलं वेचून तिचं घर चालायचं.

"साहेब, जंगल तिकडं लावता येते न?"

"येतं की!"

"मंग जंगल राहू द्या इथंच. कोळसाच तिकडं लावा, आन् तिकडंच खोदा."

मांडवात हशा पिकला. पत्रकारांनी वाक्य टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या पेपरांत छापून आलं. शेवटी नकाशातून जंगल वगळावं लागलं.

पण खाणीला जागा हवीच होती. पुढच्या वर्षी ती गावाच्या बाजूने वाढली. तेंदूझरी उठली आणि रायबाई तालुक्याजवळच्या पत्र्याच्या वसाहतीत आली.

तिथे कोणी त्या उत्तराचं कौतुक केलं, की ती मान खाली घालते.

"झाडांचं तेवढं बोलली मी," ती म्हणते. "घरांचं बोलाचं राहूनच गेलं."