काळं पातेलं आणि लाल भांडं

फार पूर्वी, भांडी बोलत असत तेव्हा, आठवडी बाजारात बिडाचं एक काळं पातेलं सारखं चुळबुळत होतं. आज विकलं गेलं नाही, तर ओतारी ते वितळवून टाकणार होता.

तेवढ्यात अस्वलमावशी आली. तिला थोड्या पैशांत टिकाऊ भांडं हवं होतं. तिने पातेलं उचललं आणि “बाई गं, केवढं जड!” म्हणत खाली ठेवलं. पातेल्याचं झाकण थरथरलं.

शेजारचं लाल भांडं हसलं. “मावशी, मला घ्या. तेवढ्याच पैशांत रंगही मिळेल.”

मावशीने त्याचा तळ वाजवला. तो पातळ पत्र्यासारखा टणटणला.

“अहो, तळाकडे कोण बघतं?”

“चूल बघते ना,” मावशी म्हणाली आणि काळं पातेलं छातीशी धरून धापा टाकत घरी निघाली.