बुवांचं मीठ आणि श्रीकरची फाईल

"माझ्याकडे चालतो, मग तुमच्याकडेच याला काय धाड भरते?" श्रीकर वैतागून म्हणाला.

निरंजनबुवांच्या मठात वेदान्त कमी आणि प्रोग्रामिंग जास्त. शिष्याचा प्रोग्राम बुवांच्या कॉम्प्युटरवर चालला, की निरोप. नाही चालला, तर आणखी एक चातुर्मास मठाची भांडी. श्रीकरच्या हातांचा राखेचा वास जाता जात नव्हता, आणि तिकडे कराडला लग्न ठरून बसलं होतं.

बिचाऱ्याने पंचांगाचा झकास प्रोग्राम लिहिला होता. तिथी मोजायची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारी तयार गणितं, वेगळ्या फाईलमध्ये. दोन्ही फाईली पेन ड्राइव्हवर घालून आणल्या, आणि बुवांचा कॉम्प्युटर म्हणतो, फाईल सापडत नाही!

"कुठे शोध म्हणालास त्याला?"

"अगदी पूर्ण पत्ता दिलाय, बुवा. माझा लॅपटॉप, त्यात माझं फोल्डर, त्यात पंचांग... चुकायला जागाच नाही."

बुवा जेवायला बसले. त्यांच्याच ओळीत श्रीकर बसला. आमटी ठार अळणी.

"मीठ कुठंय, बुवा?"

"कराडला. तुमच्या घरी, माडीवर, फडताळात."

"अहो, काहीतरीच काय! इथंच असेल की शेजारी..."

बुवा जेवत राहिले.

श्रीकरने कपाळावर हात मारला. हात धुऊन कॉम्प्युटरकडे धावला, लांबलचक पत्ता खोडला आणि लिहिलं: शेजारी बघ. फाईल प्रोग्रामच्या शेजारीच तर होती. त्याच फोल्डरात उभं राहून त्याने प्रोग्राम चालवला. चालला! पठ्ठ्या मनातल्या मनात बोहल्यावर चढला.

"बघू," म्हणत बुवा आले. ते आपल्या नेहमीच्या, दुसऱ्याच फोल्डरात गेले आणि तिथूनच त्यांनी प्रोग्रामला हाक मारली.

फाईल सापडत नाही.

"अहो, आत्ता तर... शेजारी बघ म्हटलंय ना त्याला!" श्रीकर अगदी रडकुंडीला आला.

बुवा पुन्हा पाटावर जाऊन बसले. "जेव आधी. मीठ शेजारीच आहे."

श्रीकरने आपल्या पाटावर बसून डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं, पाटाखालीसुद्धा वाकून पाहिलं. मिठाची बरणी बुवांच्या पलीकडे, त्यांच्या मांडीला टेकलेली. त्याला कुठली दिसायला!

"शेजारी म्हणजे कुणाच्या शेजारी, बुवा?"

"तुझा प्रोग्रामही मघापासून हेच विचारतोय, माझ्या की हाक मारणाऱ्याच्या... जेव. भांडी पडलीत."