भुरी आणि धापा टाकणारा पंखा

संगणकाचे मोठे डबे घरोघरी टेबलाखाली ठाण मांडून असत, त्या काळची ही गोष्ट. अशाच एका डब्याच्या मागच्या जाळीला पाठ लावून भुरी मांजर थंडीत झोपायची. जाळीतून उबदार वारा यायचा. पण ती टेकली, की थोड्याच वेळात आतला पंखा घोंघावू लागायचा आणि टेबलाशी बसलेल्या शर्वरीचा गेम अडखळायचा.

"सारखा अडकतोय! उद्या भंगारातच देऊन टाकते हा डबा," शर्वरी वैतागून म्हणाली.

भुरीने खाडकन डोळे उघडले. डबा गेला, तर ऊब कुठली? तिने जाळीला कान लावला. "काय रे, मी आले की तू माझ्यावर ओरडतोस का?"

"ओरडत नाही गं, धापा टाकतोय," पंखा म्हणाला. "आतली गरम हवा मी बाहेर ढकलतो आणि तू वाट अडवून बसतेस. मग डबा तापतो आणि सगळंच काम मंदावतं."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू आज पहिल्यांदाच विचारलंस."

भुरी उठली आणि हातभर लांब जाऊन बसली. पंख्याचा आवाज हळूहळू निवला. गेम सुरळीत पळू लागला आणि शर्वरीने भंगाराचे नावही काढले नाही. भुरीला मात्र वेगळेच नवल वाटत होते. इतके दिवस नुसती पाठ शेकत होती; आता मोकळी सुटलेली ऊब तिच्या मिशांपासून शेपटीपर्यंत पोचत होती.