साहेबांचा मोबाईल आणि डिस्कचं कुलूप

शेजारच्या नलूताई व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या नोंदी सांभाळतात. त्यांचा संगणक दुरुस्तीला जायचा होता आणि त्यांना एकच काळजी होती. नावं बाहेर फुटली तर कुणाची सोयरीक मोडेल, कुणाची नोकरी जाईल!

केंद्राचे संचालक खेकसले, "ते नोंदींना कुलूप लावणारं सॉफ्टवेअर काढून टाका, मशीन रखडतंय. डिस्कच्या चिपमध्येच कुलूप आहे, कंपनी सांगते."

"पण साहेब, सॉफ्टवेअर जाणकारांनी उघडून तपासलंय. चिपमधलं कुणी पाहिलंय?"

"आत कुणालाच बघता येत नाही, इतकं ते पक्कं!"

नलूताई म्हणाल्या, "मग तुमच्या मोबाईलमधलं सगळं आधी या डिस्कवर घालू, साहेब. जाऊ दे आठ दिवस दुरुस्तीवाल्याकडे."

साहेबांनी मोबाईल गुपचूप खिशात सरकवला.

"राहू द्या ते सॉफ्टवेअर."